घरापुढच्या छोट्या बागेत गुलाब निवडताय? या चुका टाळा

आमच्या लाइनीत अकरा रो-हाउस आहेत, प्रत्येकाच्या पुढे गेटपासून पायरीपर्यंत साधारण १२ फूट लांब आणि ३ फूट रुंद मातीचा पट्टा, आणि जवळजवळ प्रत्येकानं तिथे कधी ना कधी गुलाब लावलाय. नाशिकच आहे ना, जुनं नाव गुलशनाबाद, गुलाबाशिवाय कसं चालेल. पण आज निम्म्या घरांपुढे त्या जागी जास्वंद किंवा सदाफुली दिसते. गुलाब का गेला विचारलं की सगळे खत, पाणी, कीड असं सांगतात. मी बरीच वर्षं हे बघतेय आणि मला मनापासून वाटतं की बहुतेक वेळा चूक त्याच्या कितीतरी आधी, नर्सरीत झाड उचलतानाच झालेली असते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

जानेवारीत फूल बघून व्हरायटी ठरवणं

सगळ्यात मोठी चूक हीच. जानेवारीत पुण्याला एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, नर्सऱ्यांतही तेव्हाच गुलाब मांडलेले असतात, आणि त्या दिवसांत आपल्याकडे वाईट दिसणारा गुलाबच नसतो. ऑक्टोबरची छाटणी झालेली, हवा कोरडी, रात्री थंड, त्यामुळे कुठलंही झाड हिरवंगार असतं आणि फूल तळहाताएवढं. आपण फूल बघतो, वास घेतो आणि पिशवी गाडीत टाकतो. मी अशीच पपा मेयाँ आणली होती, काळपट लाल, मखमली, आणि वास असा की पायरीवर बसलं तरी यायचा. जुलैमध्ये आधी खालच्या पानांवर काळे ठिपके आले, कडा फाटल्यासारख्या, शाई टिपकागदावर पसरते तशा, मग ठिपक्याच्या भोवती पान पिवळं पडलं आणि हात लावला की गळून हातात. गणपतीपर्यंत नुसत्या काड्या आणि टोकाला चार पानं. पाऊस जरा थांबला की त्याच झाडाच्या कोवळ्या शेंड्यांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, कारण ही व्हरायटी भुरीला मुळातच हळवी आहे.

काळ्या ठिपक्याच्या बुरशीला पान सलग सात-आठ तास ओलं मिळालं की पुरतं, आणि आपल्याकडे श्रावणात ते दिवसच्या दिवस ओलं असतं. द्राक्षवाले लोक ठरावीक दिवसांनी फवारणी घेऊन भुरी आणि डाऊनीसारखे बुरशीचे रोग आवरतात, त्यांचा तो धंदा आहे, पण घराच्या दारात, जिथे पोरं खेळतात आणि खिडकी उघडी असते, तिथे दर आठवड्याला बुरशीनाशक मारणं मला पटत नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, व्हरायटी ऑगस्टमध्ये निवडा. पावसात छत्री घेऊन कॉलनीत चक्कर मारा आणि कुणाच्या गुलाबाला अजून पानं आहेत ते बघा, फूल नसलं तरी चालेल. ज्या झाडाला गुडघ्याच्या खालीसुद्धा पानं दिसतील त्याचं नाव विचारा, नाव माहीत नसेल तर फोटो काढून ठेवा आणि दिवाळीत फूल आलं की परत जाऊन ओळख करून घ्या. बेल वाजवून विचारलं तर गुलाबवाला माणूस कधी वैतागत नाही हा माझा अनुभव आहे, उलट चहा मिळतो.

आणखी एक, खूप भरगच्च पाकळ्यांच्या व्हरायटी पावसात उमलतच नाहीत. बाहेरच्या पाकळ्या ओल्या कागदासारख्या चिकटतात आणि कळी आतल्या आत तपकिरी होऊन कुजते. लोक कीड समजून औषध मारत बसतात. ती कीड नसते, त्या फुलाला कोरडी थंडी लागते, बास. ज्यांना फक्त थंडीतलं फूल हवंय त्यांनी जरूर लावावी.

बारा फुटांत अकरा झाडं

नर्सरीतल्या पिशवीत झाड वीतभर असतं म्हणून फसायला होतं. हायब्रिड टी, म्हणजे लांब दांड्यावर एकच मोठं फूल येणारे, त्यांना दोन झाडांत दोन ते अडीच फूट अंतर लागतंच. हिशोब करा, बारा फुटांत पाच, फार तर सहा. फ्लोरिबंडा, म्हणजे घोसाने फुलं येणारे, दीड-दोन फुटांवर चालतात आणि मिनिएचर एक फुटावर. दाटी झाली की मधून वारं जात नाही, पानं वाळत नाहीत आणि मग वरचं सगळं रामायण.

उंचीचंही तसंच. शेजारच्या काकूंनी क्वीन एलिझाबेथ बरोबर खिडकीसमोर लावली, गुलाबी, अतिशय धट्टीकट्टी व्हरायटी आहे, १९५४ पासून जगभर लावतात, पण ती सहज पाच-सहा फुटांच्या वर जाते. फुलं सगळी वर, खिडकीतून दिसतात फक्त काटेरी काड्या. काकू दर महिन्याला ती कमरेएवढी कापतात आणि म्हणतात फुलंच येत नाहीत! येणार कशी, फुलायच्या आधीच शेंडा जातोय. ग्लॅडिएटरचंही साधारण असंच, दणकट झाड, त्याला मागची कंपाउंडची भिंत द्या, पुढची जागा नको.

आणि गेटजवळ काटेरी झाड लावूच नका. पुढची बाग म्हणजे येण्याजाण्याची वाट आहे, साडीचा पदर, शाळेची बॅग, सिलिंडर आणणारा माणूस, सगळे तिथूनच जातात. गेटला आणि पायरीला लागून कमी काट्यांची आइसबर्ग ठेवा, १९५८ ची जर्मन फ्लोरिबंडा, पांढरी. पावसात तिच्याही पानांवर ठिपके येतात, पण पाऊस ओसरला की भराभर नवी पालवी काढते आणि वर्षातले बरेच महिने फुललेली असते. थंडीत किंवा पावसात पाकळीवर गुलाबी झाक आली तर नर्सरीवाल्यानं फसवलं असं समजू नका, तिचा स्वभावच आहे तो.

ऊन न मोजता रंग निवडणं

रविवारी सकाळी आठ, अकरा, दोन आणि चार वाजता बाहेर येऊन त्या पट्ट्यावर ऊन कुठे आहे ते खडूने फरशीवर खुणा करून बघा, इतकं केलंत तरी निम्मं काम झालं. गुलाबाला कमीत कमी सहा तास ऊन हवं. समोरच्या बिल्डिंगची सावली दिवाळीनंतर लांब पडते हे लक्षात ठेवा, आणि नेमका तोच फुलांचा सीझन.

डबल डिलाइटचं उदाहरण घ्या. आत मलईसारखी, कडेने लाल. तिचा लाल रंग उन्हातल्या अतिनील किरणांनी चढतो. माझ्या मैत्रिणीच्या घरी ती सावलीच्या कोपऱ्यात होती, तिथे फूल जवळजवळ पांढरंच यायचं आणि ती नर्सरीवाल्यावर चिडून होती. कुंडीसकट उन्हात नेली, पुढच्या बहराला कडा लालभडक.

याच्या उलट पश्चिमेची भिंत. एप्रिल-मेमध्ये चार वाजता सिमेंटच्या भिंतीला हात लावून बघा, चटका बसतो. तिथे काळपट लाल गुलाब लावला की पाकळीच्या कडा करपतात. तिथे फिकट रंग बरे पडतात.

दुकानातला डच गुलाब घरी लावणं

तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधले, व्हॅलेंटाइनला विकले जातात ते लाल गुलाब, त्यांची झाडं आता नर्सरीत सर्रास मिळतात. ते वाण कट-फ्लॉवरसाठी काढलेले आहेत, सरळ लांब दांडा, बादलीत टिकणारं फूल, आणि डोक्यावर प्लास्टिकचं छप्पर गृहीत धरून. उघड्यावर पावसात त्यांची दशा होते, आणि झाड म्हणून ते भरदार दिसतही नाहीत, दोन-चार लांब काठ्या उभ्या राहतात. पुढच्या बागेला झाडसुद्धा देखणं लागतं.

निळ्या गुलाबाच्या बिया ऑनलाइन मागवू नका. गुलाबात निळ्याचं रंगद्रव्यच नसतं, जपानमध्ये जनुक घालून केलेला २००९ मध्ये विक्रीला आला तोसुद्धा जांभळटच आहे. शिवाय बियांपासून गुलाबाची व्हरायटी जशीच्या तशी येत नाही.

डोळा न बघता झाड उचलणं

नर्सरीतलं झाड म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर भरलेला, म्हणजे कलम करून बसवलेला, चांगल्या व्हरायटीचा डोळा (अंकुर). माती बोटाने बाजूला करून तो जोड बघा, गाठीसारखा जाड भाग असतो. जोड घट्ट, हिरवी साल सलग, आणि जोडाच्या वरून किमान दोन-तीन फांद्या फुटलेल्या असं झाड घ्या. एकच लांब काडी आणि टोकाला फूल असेल तर ठेवून द्या.

"सात पानांची फांदी जंगली, पाच पानांची चांगली" असं सगळे सांगतात, त्या भरवशावर राहू नका. कितीतरी चांगल्या व्हरायटींना सात पर्णिका, म्हणजे एका देठावरची छोटी पानं, येतात आणि लोक स्वतःच्या हाताने चांगला फुटवा कापतात. फांदी जोडाच्या वरून आलीय की खालून तेवढं बघा. खालून असेल तर मुळापाशी उकरून ओढून काढा, वरच्यावर कापली तर दुप्पट जोमाने येते.

नाव विचारल्यावर "लाल", "डबल कलर" एवढंच उत्तर आलं तर शक्यतो घेऊ नका, कारण नाव नसेल तर उंची कळत नाही, वास कळत नाही, काहीच कळत नाही. आपल्या देशी नावांची चौकशीही जरूर करा. डॉ. बी. पी. पाल, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, गव्हावरच्या संशोधनाबरोबर त्यांनी गुलाबाचे कितीतरी वाण इथल्याच मातीत तयार केले. त्यांची मोहिनी ही चॉकलेटी झाक असलेली फ्लोरिबंडा कुठे मिळाली तर सोडू नका.

आधीच चुकीचं लावलं असेल तर

उपटून फेकू नका. नाशिकला द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते त्याच दिवसांत गुलाबही छाटायचा असतो, तेव्हाच जागा बदला. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, झाड गुडघ्याएवढं छाटा आणि मुळांभोवती फूटभर मातीचा गोळा धरून उचला. नवीन खड्ड्यात आपल्या काळ्या मातीत निम्मं शेणखत आणि थोडी जाड वाळू मिसळा, नाहीतर पाणी तुंबतं. डोळ्याचा जोड मातीच्या जरा वर राहू दे आणि आठवडाभर दुपारी गोणपाटाची सावली करा. जागची झाडं छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी फुलतात. हलवलेलं झाड पंधरा-वीस दिवस मागे राहतं, तेवढी कळ काढा, आणि त्याच्या पहिल्या एक-दोन कळ्या मटाराएवढ्या असतानाच खुडून टाका.