गणपतीआधी ॲल्युमिनियमचा फाइव्ह ॲक्सिस जॉब: तयारीची यादी

आमची मशीनिंगची शेड रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आहे. तिथल्या फाइव्ह ॲक्सिस मशीनला X, Y, Z या तीन सरळ अक्षांसोबत टेबल कलवणारा A आणि टेबल फिरवणारा C असे पाच अक्ष आहेत. श्रावणात हातात आलेला जॉब गणपतीच्या आठ दिवस आधी गाडीत चढला नाही, तर तो पंधरा दिवस मागे गेला असं समजायचं. मुलं गावी जातात, हायवेवर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते आणि ट्रान्सपोर्टवाला फोन उचलत नाही. म्हणून यादीचं पहिलं कलम कॅलेंडर. तारीख उलटी मोजायची. अ‍ॅनोडायझिंगला (ॲल्युमिनियमवर विजेने संरक्षक थर चढवायला) माल घाटावर जाणार असेल तर जाण्यायेण्याचे चार दिवस, दरड आली आणि आंबा घाट बंद झाला तर आणखी दोन, फर्स्ट पीस, म्हणजे तपासणीचा पहिला नग, ग्राहकाकडून मंजूर व्हायला दोन. उरतील तेवढेच दिवस मशीनचे.

मग ड्रॉइंग. मटेरियलची ऑर्डर देण्याआधी लाल पेन घेऊन बसायचं आणि प्रत्येक मापाला एकच प्रश्न विचारायचा: हे माप अ‍ॅनोडायझिंगच्या आधीचं की नंतरचं? हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा थर 50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असला की त्यातला साधारण निम्मा आत मुरतो आणि निम्मा बाहेर वाढतो. म्हणजे बोअरचा (भोकाचा) व्यास 50 मायक्रॉनने कमी होतो. आट्यांचं गणित याहून वाईट, कारण तिरक्या बाजूंमुळे पिच डायमीटरवर (आट्यांच्या मधल्या उंचीवरच्या व्यासावर) एका बाजूच्या वाढीच्या चौपट फरक पडतो. टॅप केलेल्या (आतून आटे पाडलेल्या) भोकात तो फरक 100 मायक्रॉनपर्यंत जातो आणि गो गेज, म्हणजे आत जायलाच हवं असं तपासणीचं माप, आत शिरत नाही. मास्किंग (थर चढू नये म्हणून झाकणं) कुठे करायचं हे फोनवर ठरवू नका, मेलवर लिहून घ्या.

मटेरियल 6061 असो वा 7075 (दोन्ही ॲल्युमिनियमचे मिश्रधातू), जाड प्लेट घेताना टेम्पर, म्हणजे तिच्यावर झालेल्या प्रक्रियेचा शेरा, बघा. टी651 म्हणजे उष्णोपचारानंतर ताणून आतला ताण कमी केलेली प्लेट. खोल खिसे आणि पातळ भिंती असलेल्या हाऊसिंगला (आत इतर भाग बसवायच्या कवचाला) हीच लागते. तरीही रफिंग (सुरुवातीचं जाडंभरडं कापणं) एका दमात करून लगेच फिनिश करायचं नाही. सगळीकडे अर्धा मिलिमीटर ठेवायचा, वाइस (पीस धरणारी पकड) सैल करून पीस रात्रभर मोकळा ठेवायचा आणि सकाळी हलक्या दाबाने पुन्हा धरायचा. रात्रीत जे वाकायचं ते वाकून जातं.

प्लेटा आल्या की जमिनीवर एकावर एक रचू नका. पावसाळ्यात दोन पत्र्यांच्या मध्ये ओल खेचली जाते, तिथेच बसते आणि चार दिवसांत पांढरे-करडे डाग पडतात. हे डाग पॉलिशने जात नाहीत, कटच घ्यावा लागतो. प्रत्येक प्लेटच्या खाली कोरड्या पट्ट्या ठेवा, म्हणजे हवा फिरेल.

आता उष्णता. माझ्या मते कोकणात या कामाची निम्मी तयारी याच एका कलमात आहे. ड्रॉइंगवरचं माप 20 अंश सेल्सिअसचं असतं. आमच्या शेडमध्ये पावसाने उघडीप दिली की दुपारी 34 अंश होतात. ॲल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला सुमारे 23 मायक्रॉन वाढतं आणि स्टील सुमारे साडेअकरा. दोन वर्षांपूर्वी आम्ही 300 मिमी लांबीचे वीस पीस आमच्या मायक्रोमीटरवर नेमके 300.00 दाखवून पाठवले. ग्राहकाच्या वातानुकूलित खोलीत ते 299.95 भरले, टॉलरन्स (चालणारा फरक) होता 0.03 इकडेतिकडे, आणि वीसच्या वीस परत आले. मायक्रोमीटर बिघडला नव्हता आणि आमच्या मुलाने मापही चुकीचं घेतलं नव्हतं. गरम पीस गरम स्टीलच्या मापाशी ताडला होता. स्टील कमी वाढतं आणि ॲल्युमिनियम जास्त, त्या दोहोंतला फरक तेवढाच होता: 0.3 मीटर, 14 अंश, सुमारे 12 मायक्रॉन, गुणाकार केला की 50. त्या दिवसापासून ग्रॅनाइटच्या टेबलावर एक थर्मामीटर ठेवलेला आहे आणि मापाच्या रजिस्टरात तापमानाचा रकाना आहे. पीस आणि मायक्रोमीटर दोन तास एकाच टेबलावर शेजारी ठेवायचे, मग मोजायचं आणि फरकाचा हिशेब करून लिहायचं. कापून झाल्या झाल्या हातात घेतलेला पीस कितीही सुंदर दिसला तरी त्याचं माप मोजायचं नाही.

मोजमापासाठी एसीची खोली असेल तर उत्तम, पण तिचीही एक अडचण आहे. थंड पीस बाहेर काढला की तो घामेजतो, थंड ताकाच्या तांब्यासारखा. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करूनच बाहेर काढा आणि पीस बाहेरच्या हवेइतका झाला की पिशवी उघडा.

कूलंटमध्ये, म्हणजे कापताना टूल थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्यात, विहिरीचं पाणी भरू नका. खाडीच्या आसपासच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि त्यातला क्षार ॲल्युमिनियमला खड्डे पाडतो. आरओचं पाणी घ्या. मिश्रण करताना तेल पाण्यात ओतायचं, पाणी तेलात नाही. रिफ्रॅक्टोमीटरच्या (मिश्रणातलं तेलाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाच्या) काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरलं की निळ्या आणि पांढऱ्या भागांमधली रेघ दिसते. ती धूसर असेल तर कूलंटमध्ये मशीनचं तेल मिसळलंय, ते आधी काढायचं, मग आकडा वाचायचा. आकडा तेलाच्या डब्यावरच्या गुणकाने गुणायचा, हे नवीन मुलं हमखास विसरतात. पीएच 8.5 ते 9.2 च्या मध्ये राहिला पाहिजे. त्याहून बराच वर गेला तर ॲल्युमिनियम काळवंडतं, खाली आला तर जिवाणू वाढतात आणि सुट्टीनंतर शेडचं शटर उघडताच कुजका वास येतो. गणपतीच्या सुट्टीआधी टाकी स्वच्छ करून, तेल काढून आणि हवा खेळती राहील अशी सोय करूनच शटर ओढायचं.

मशीनवर स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) वीस मिनिटं फिरवून गरम करायचं, तेही जॉबच्या आरपीएमच्या आसपास. त्यानंतर रोटरीच्या, म्हणजे A आणि C अक्षांच्या, केंद्राची तपासणी. टेबलावर मास्टर बॉल (नेमक्या गोलाईचा चेंडू) ठेवा, स्पर्शाने माप घेणाऱ्या प्रोबने त्याचं केंद्र पकडा, मग C 180 अंश फिरवून पुन्हा पकडा. कंट्रोलमध्ये भरलेलं केंद्र 20 मायक्रॉनने चुकलेलं असेल तर दोन वाचनांत 40 मायक्रॉनचा फरक दिसतो, म्हणजे चूक लपत नाही. A साठीही तसंच, कलते कोन घेऊन. हे दर सोमवारी करायचं, आणि धक्का बसला असेल तर त्याच दिवशी. आमच्याकडे फॅनक कंपनीचा कंट्रोल आहे, त्यामुळे प्रोग्राममध्ये टूल टिपवर नियंत्रण ठेवायला जी43.4 येतो. तो चालू आहे की साधा जी43 (फक्त टूलची लांबी धरणारा), हे ड्राय रनच्या (न कापता केलेल्या चाचणीच्या) आधी स्क्रीनवर डोळ्यांनी बघायचं.

एक मत स्पष्टपणे मांडतो. हाऊसिंगसारख्या जॉबला पाचही अक्ष एकाच वेळी फिरवण्याची गरज बहुधा नसते. A आणि C हव्या त्या कोनावर नेऊन ब्रेक लावायचा आणि तीन अक्षांनी कापायचं. पीस ताठ राहतो, पृष्ठभाग चांगला येतो आणि चूक शोधणं सोपं जातं. वळणदार पात्यांचा इम्पेलर असेल तेव्हाच पाचही एकत्र.

टूल: तीन दातांची, पॉलिश केलेली, कोटिंग नसलेली कार्बाइड एंडमिल (टोकाने आणि कडेने कापणारं टूल). टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचं कोटिंग ॲल्युमिनियमला चिकटतं, ते स्टीलसाठी ठेवा. 12 मिमीच्या टूलला 10,000 आरपीएमवर मिनिटाला 377 मीटर वेग मिळतो आणि दाताला 0.08 मिमी दिलं तर फीड मिनिटाला 2400 मिमी बसतो, सुरुवातीला हे पुरतं. कोलेट (टूल पकडणारी बाही) आणि नट पुसून बसवा, टोकाचा रनआउट (फिरताना होणारं हेलकावणं) 10 मायक्रॉनच्या आत हवा. प्रत्येक टूलचा एक जोड कपाटात ठेवा, कारण ते घाट चढून आणायला दिवस जातो.

वीज जाणारच. जनरेटरमध्ये डिझेल आणि कंट्रोलला यूपीएस, इतकं तर हवंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वीज परत आल्यावर कुणी घाईने होमिंगचं (सगळे अक्ष मूळ जागी नेण्याचं) बटण दाबता कामा नये. आमचं टेबल कलतं, स्पिंडल उभं, म्हणून आधी Z सरळ वर, मगच A आणि C. टी-स्लॉट कटर (T आकाराची खाच कापणारं टूल) खाचेत अडकलेलं असेल तर हाच नियम उलटा: आधी बाजूने बाहेर काढायचं, मग Z. ही दोन वाक्यं मी मशीनच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावली आहेत.

शेवटी पॅकिंग. बर (कापल्यावर कडेला राहिलेले धारदार कण) काढताना हातात मोजे घाला, घामातलं मीठ बोटांचे ठसे उमटवतं. पीस धुऊन गरम हवेने आतल्या भोकांपर्यंत कोरडा करा, टॅपच्या तळाशी पाणी लपून राहतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. प्रत्येक पीस वेगळ्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, तोंड सील, मग लाकडी पेटी. पेटीवरची ताडपत्री मी स्वतः ओढून बघतो. फर्स्ट पीसच्याच मापाचा एक पीस आमच्याकडे ग्रॅनाइटच्या टेबलावर राहतो, अंगावर मार्करने तारीख आणि त्या वेळचं तापमान लिहिलेला. ग्राहकाचा फोन आला की पहिल्यांदा तोच हातात घ्यायचा.