निलगिरीच्या पानावरील मेण काढून त्याचे घटक कसे ओळखावेत

उटीकडे वाढणाऱ्या निलगिरीच्या, म्हणजे युकॅलिप्टस ग्लोब्युलसच्या, कोवळ्या फांद्यांवरील पाने निळसर पांढरी दिसतात. त्यांवर बोट फिरवले की पांढरी भुकटी बोटाला लागते आणि खालचा हिरवा रंग उघडा पडतो. ही भुकटी म्हणजेच मेण. ते इतक्या सहज निघत असल्याने पान फक्त चिमट्याने धरावे. शिवाय बोटांवरचे तेल नमुन्यात उतरले, तर त्यातील स्क्वॅलीन हा तेलकट पदार्थ पुढे पानाचेच वाटू शकते.

पानाची आकृती आलेख कागदावर काढून क्षेत्रफळ मोजावे आणि दोन्ही बाजू धरून ते दुप्पट करावे. त्यानंतर फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात, काचेच्या चंचुपात्रात क्लोरोफॉर्म घेऊन पान सुमारे 30 सेकंद बुडवावे, मात्र तोडलेली कड द्रावकाच्या वर ठेवावी. प्लास्टिकचे भांडे नको, कारण क्लोरोफॉर्ममुळे त्यातील थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारे रसायन) नमुन्यात येते. माझ्या मते सगळ्या कृतीत वेळेचे हे बंधन सर्वांत महत्त्वाचे आहे: पान जास्त वेळ राहिल्यास आतल्या पेशींतील मेदही उतरतो, आणि द्रावण हिरवट झाले तर तो नमुना सरळ टाकून द्यावा. मेणाखालचे क्युटिन मात्र विरघळत नाही, कारण ते मुख्यतः 16 व 18 कार्बनांच्या हायड्रॉक्सी आम्लांचे एकमेकांत गुंफलेले पॉलिएस्टर असते.

पान बाहेर काढताच द्रावणात, पुढे तुलना करता यावी म्हणून, टेट्राकोसेनचे ठरावीक वजन मिसळावे. हा 24 कार्बनांचा अल्केन (फक्त कार्बन व हायड्रोजनची साखळी) मुद्दाम निवडलेला आहे. वनस्पती मेदाम्लाची साखळी दोन-दोन कार्बन जोडून लांबवते, त्यामुळे मेणातील आम्ले आणि प्राथमिक अल्कोहोले यांतील कार्बनांची संख्या बहुधा सम असते. अल्केन तयार होताना मात्र एक कार्बन गळतो आणि 27, 29, 31 अशा विषम संख्या उरतात. टेट्राकोसेन त्यांच्यात मिसळून हरवत नाही.

द्रावण गाळून नायट्रोजनच्या मंद झोताखाली सुकवावे. उरलेल्या मेणाचा थोडा भाग हेक्झेनमध्ये विरघळवून अतिनील स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये पाहावा. या कोवळ्या पानांच्या मेणात बीटा-डायकीटोन (दोन कीटोन गट असलेली संयुगे) भरपूर असतात आणि त्यांचे शोषण 273 नॅनोमीटरच्या आसपास दिसते. अल्केन तिथे काहीच दाखवत नाहीत. टेट्राकोसेन आधीच मिसळलेले असल्याने एवढा भाग काढून घेतल्याने हिशेब बिघडत नाही. बाकीच्या मेणात पिरिडीन हे द्रावक व बीएसटीएफए (रेणूंना सहज बाष्पशील बनवणारे अभिकर्मक) घालून ते 70 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवावे, म्हणजे अल्कोहोले आणि आम्ले जीसी-एमएसच्या, म्हणजे घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राच्या, कॉलममधून नीट बाहेर पडतात. प्रत्येक घटकाच्या शिखराचे क्षेत्रफळ टेट्राकोसेनच्या शिखराशी ताडून वजन काढावे आणि ते पानाच्या प्रति चौरस सेंटिमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये नोंदवावे.