गवत कापायचं यंत्र घ्या, पण वाफशाशिवाय बागेत घालू नका

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड, नाशिक तालुक्यात द्राक्षाच्या फळछाटणीच्या तारखा ठरू लागल्यात. गल्ल्यांमध्ये गवत गुडघ्याला लागलंय आणि परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. अशा वेळी दोन चुका जोडीने होतात. एक, घाईघाईत चुकीचं यंत्र विकत घेणं. दुसरी, जमिनीला वाफसा (ना चिखल ना कोरडी, काम करण्याजोगी ओल) नसताना ते बागेत घालणं. पहिलीत पैसे जातात. दुसरीत पांढरी मुळी (अन्न-पाणी शोषणारी कोवळी मुळं) जाते आणि त्याचा हिशेब छाटणीनंतर कळतो: फूट मागेपुढे, एका ओळीत डोळे फुटलेले तर शेजारच्या ओळीत सुस्त, पानं पिवळसर.

दरवर्षी हेच चित्र दिसतं. बाग सुस्त झाली की दुकानदार ह्युमिक, अमिनो, समुद्री शेवाळाची बाटली काढतो आणि "मुळी चालेल" म्हणतो. चाकाखाली दाबलेल्या काळ्या मातीत हवाच शिरत नाही. तिथे बाटलीतलं काहीही ओतलं तरी मुळी चालत नाही. आधी चाक थांबवा.

वाफसा कसा बघायचा, ते यंत्राच्या आधी. गल्लीत, म्हणजे जिथून चाक जाणार तिथे, वीतभर खोल माती काढा. वरची माती बघून ठरवू नका, काळ्या रानात वर भेग आणि खाली लोणी असतं. मुठीत दाबून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून सोडा. फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच पडला, किंवा अंगठा-बोटात दाबून पट्टी निघाली, तर आज यंत्र शेडमध्येच राहू द्या. गल्ली लांब असेल तर तीन ठिकाणी बघा. उताराच्या खालच्या टोकाला वाफसा सगळ्यात उशिरा येतो आणि यंत्र नेमकं तिथेच वळतं.

ठोकताळा असा: इंचभर पाऊस झाल्यावर मुरमाड रानात ऊन असेल तर दुसऱ्या दिवशी चालतं, मध्यम जमिनीला दोन-तीन दिवस, निफाडकडच्या भारी काळ्या जमिनीला चार-पाच. ढगाळ राहिलं तर हा हिशेब मोडतो. दुसरी खूण गवतातच असते. चाकाच्या पट्ट्यात लव्हाळा दाट आणि कडेला तुरळक असेल, किंवा केना भर दुपारी टवटवीत असेल, तर तिथे खाली पाणी थांबतंय असं समजा. हे कुठल्या शिफारशीत लिहिलेलं नाही, पण खड्डा करून बघितलं तर सहसा खरं निघतं.

आता यंत्राकडे. बसून चालवायचे लॉन मोअर नाशिकमध्ये दिसतात ते मुख्यतः लॉन्स, रिसॉर्ट, वायनरी आणि गंगापूर धरणाकडच्या फार्महाऊसवर. तिथे ते योग्यच आहेत: सपाट जमीन, आठवड्याला कापलेलं मऊ गवत, दगड-तार काही नाही. तेच यंत्र बघून बागायतदाराला वाटतं की आपल्या दहा एकरांत हे पळेल. पळेल, पण तीन अटींवर.

पहिली अट वजनाची, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. पुढे इंजिन आणि मध्ये कापणीचा डेक (पाती झाकणारं पत्र्याचं खोकं) असलेला लॉन ट्रॅक्टर साधारण २०० ते २५० किलोचा असतो. दोन दांड्यांनी चालणारा झिरो-टर्न ३०० ते ५०० किलोपर्यंत जातो. १५ ते २४ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर सहसा ६०० ते ९०० किलोचा, त्यावर स्लॅशर (ट्रॅक्टरमागे जोडायचं गवत कापायचं अवजार) वेगळा. म्हणजे जमिनीवरचा बोजा पाहिला तर लॉन ट्रॅक्टर बागेला परवडतो. त्याचे टायर रुंद असतात आणि हवा १० ते १४ पीएसआय एवढीच ठेवायची असते. वरच्या थरावरचा दाब जवळजवळ टायरमधल्या हवेइतका असतो, म्हणून हवा हाताने दाबून नको, मीटरने बघा. पंक्चरवाला सवयीने ३० भरून देतो आणि हलक्या यंत्राचा सगळा फायदा तिथेच संपतो.

पण हलकं यंत्र म्हणजे ओल्यात चालणारं यंत्र नव्हे. विक्रेता हे हमखास सांगतो: "साहेब, हलकं आहे, पावसातही चालतं." चालतं, अडकत नाही, एवढंच. माती दाबली जाते ती जातेच, आणि बहुतांश दाब पहिल्याच फेरीत बसतो. झिरो-टर्नचं तर आणखी वाईट: वळताना आतलं चाक जागेवर फिरतं आणि ओल्या काळ्या मातीची साल काढतं. पुढची दोन भिंगरीची चाकं रुतली की दांड्या ओढून उपयोग नाही. भारी जमिनीच्या बागेत झिरो-टर्न घेऊ नका, फुकट मिळाला तरी.

दुसरी अट रुंदीची. टेप घेऊन मोजा, अंदाज नको. ९ फुटांच्या ओळीत बोद (वेलींच्या ओळीचा मातीचा वरंबा) ३ फुटांचा धरला तर मोकळी गल्ली ६ फूट, म्हणजे ७२ इंच. विक्रेत्याकडे सहज मिळतो तो ४२ इंची डेक. त्याने एका फेरीत गल्ली होत नाही. दोन फेऱ्या मारायच्या तर यंत्र डावी-उजवीकडे सरकतं आणि बाहेरचं चाक खोडापासून दीड फुटावर, थेट बोदाच्या कडेवर चढतं. पांढऱ्या मुळीची दाटी ड्रिपच्या ओलीखाली तिथेच असते. ५४ इंची डेक गल्लीच्या मधून एकदाच जातो, दोन्ही बाजूंना ९ इंच पट्टा राहतो, तो ब्रश कटरने काढायचा. ८ फुटांच्या ओळीत तोच डेक जेमतेम बसतो, कडेला ३ इंच राहतात. बोद ढासळलेला असेल तर तिथे ४८ इंची घ्या. नियम एकच: एका गल्लीत एक फेरी, आणि चाकं ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) ट्रॅक्टरच्या चाकोरीतूनच. ६०० लिटरचा ब्लोअर भरला की नुसतं पाणीच ६०० किलो होतं. त्याने आधीच दाबलेल्या दोन पट्ट्यांच्या बाहेर तिसरा पट्टा दाबायचा नाही.

रुंदीबरोबर उंचीही बघा. मंडपाच्या बागेत चालवणाऱ्याचं डोकं आणि यंत्राची मागची संरक्षक कमान दोन्ही तारेला लागतात. कमान असेल तर ती दुमडणारी असली पाहिजे. दुमडून चालवायचं तर फक्त सपाटीवर, आणि तेव्हा सीटबेल्ट बांधायचा नाही. कमान उभी असताना बेल्ट सोडायचा नाही. वाय पद्धतीत (इंग्रजी Y आकाराच्या आधारांवर वेल चढवलेल्या बागेत) आडव्या अँगलची टोकं खांद्याला येतात का, ते बसून बघा. ओळीच्या टोकाला ताणाच्या तारा बाहेर आलेल्या असतात. वळायला १० ते १२ फूट मोकळी जागा नसेल तर रोज एक तार तुटेल. १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर ही यंत्रं चालवायचीच नाहीत. इगतपुरी, त्र्यंबककडच्या टेकडीवरच्या फार्महाऊसवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तिसरी अट गवताची. लॉन मोअरची पाती पातळ, मऊ गवतासाठी असतात. कापणीची उंची साधारण १ ते ४ इंच. गुडघाभर गाजरगवत, आघाडा, त्यात खरड छाटणीच्या (उन्हाळ्यातल्या छाटणीच्या) पडलेल्या काड्या, ड्रिपच्या नळीचे तुकडे, सुतळी, बांधणीची तार असा सगळा माल डेकखाली गेला की पुढचा क्रम ठरलेला आहे. आधी पट्टा (बेल्ट) घसरतो आणि जळका वास येतो. मग पात्याचं टोक वाकतं, पातं तोल सोडतं, आणि त्या थरथरीने स्पिंडलचं (पात्याच्या आसाचं) बेअरिंग जातं. ओलं गवत आणि काळी माती डेकच्या आत सिमेंटसारखी बसते, हवा फिरत नाही, गवत कापलं न जाता चेंबटतं. हे सगळं "ग्राहकाची चूक" म्हणून वॉरंटीबाहेर जातं. घेण्याआधी विचारून ठेवा: पट्टा, स्पिंडल, पाती नाशिकमध्येच मिळतात का, की मागवावे लागतात? छाटणीच्या हंगामात महिनाभर पट्ट्याची वाट बघणं म्हणजे यंत्र नसल्यासारखंच.

म्हणून स्पष्ट सांगायचं तर असं. घराभोवती, वायनरीत, कृषी पर्यटनाच्या जागेत दोन-तीन एकर सपाट हिरवळ असेल तर ४८ ते ५४ इंची लॉन ट्रॅक्टर घ्या. डेक दाबून काढलेल्या पातळ पत्र्याचा नको, जाड पत्रा वेल्डिंग केलेला बघा. गिअरपेक्षा हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) बरा, कारण गवत दाट लागलं की पात्याचा वेग न घटवता चाल कमी करता येते. बागेत आठ-पंधरा दिवसांनी नियमित कापणार असाल, गल्ली काड्या वेचून स्वच्छ असेल, तर तोच बागेतही चालेल. पण वर्षातून तीन-चार वेळाच, वाढलेलं गवत कापायचं असेल तर लॉन मोअर विसरा. घरचा छोटा ट्रॅक्टर आणि ४ फुटी रोटरी स्लॅशर पुरतो. स्लॅशरला फुटामागे पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर) ५ अश्वशक्ती धरा. ४ फुटांना २० लागतात, आणि २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर तेवढीच मिळते. १८ च्या ट्रॅक्टरला ५ फुटी स्लॅशर जोडून देणारे आहेत. पहिल्या दाट पट्ट्यात इंजिन बसतं. काड्याही बारीक करायच्या असतील तर श्रेडर भाड्याने आणा, विकत नको. पाच एकरांच्या आत दोन ब्रश कटर आणि दोन माणसं अजूनही सगळ्यात स्वस्त, आणि त्यांच्याने माती दाबली जात नाही. वाफसा यायला आठवडा लागला तरी माणूस गल्लीत जाऊ शकतो. हा मुद्दा कुठल्याच विक्रेत्याच्या कागदावर नसतो.

कामाचा वेग तपासून घ्या. ९ फुटांच्या ओळीत ५४ इंची डेकने ताशी ४ किलोमीटरने गल्लीला एक फेरी केली तर एकरातल्या सुमारे १,४७५ मीटर लांबीला २२ मिनिटं. वळणं, अडकणं धरून अर्धा-पाऊण तास. "तासाला तीन एकर" असं कुणी सांगितलं तर त्याला तुमच्याच बागेत चालवून दाखवायला सांगा, आणि वाफसा असलेल्या दिवशीच.

अनुदानासाठी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या पोर्टलवर) अर्ज करताना यंत्र यादीत आहे का ते आधी बघा. पूर्वसंमती येण्याआधी बिल केलं तर अनुदान विसरायचं.

कापायचं किती? ३ इंच ठेवा, तासून मातीला लावू नका. गवताची मुळं चाकाचं वजन पेलतात. याच कारणासाठी पावसाच्या तोंडावर रोटाव्हेटर मारून गल्ली उघडी करणं हा दुहेरी घात आहे. उघड्या ओल्या रानात चाक जास्त रुततं. गवत फार वाढलं असेल तर एकदम खाली न घेता दोनदा कापा, चार-पाच दिवसांच्या अंतराने. कापलेलं गवत बोदावर ओढून आच्छादन करा, खोडाला मात्र चिकटवू नका. छाटणीनंतर कोवळी फूट निघाली आणि खाली ओलं उंच गवत असेल तर डाऊनीला (केवडा रोगाला) आमंत्रण आहे, म्हणून कापणी छाटणीच्या आधीच व्हायला हवी. आणि तरीही, गवत राहिलं तर डाऊनी निदान फवारणीने आवरता येतो. दाबलेली मुळी त्या हंगामात परत येत नाही. दोन्हीत निवडायची वेळ आली तर यंत्र थांबवा, माणसं लावा.

"एवढं कशाला, एक तणनाशक मारा" हा सल्ला दुकानात फुकट मिळतो. ग्लायफोसेट द्राक्षासाठी लेबलवर नाही, आणि ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या आदेशाने त्याचा वापर फक्त कीड नियंत्रण परवानाधारकांपुरता मर्यादित केला होता. टू-फोर-डी (रुंद पानांच्या तणावरचं तणनाशक) तर बागेच्या वाऱ्यालाही नको. शेजारच्या मका-उसात मारलं तरी वेलीची पानं पंख्यासारखी आवळतात. शेजाऱ्याशी आत्ताच बोलून ठेवा.

डेक किंवा स्लॅशरची कड खोडाला लागली तर जखम त्याच दिवशी बोर्डो पेस्टने झाका: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत भिजवा, मग एकत्र करा. स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस लेप चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला.

या आठवड्यातली नेहमीची कामं:

- मेघदूत ॲपवर मंगळवार-शुक्रवारचा हवामान सल्ला बघणे
- गल्लीतल्या तारा, नळीचे तुकडे, काड्या वेचणे
- खालच्या टोकाचे चर मोकळे करणे
- पाती काढून धार लावणे, खिळ्यावर टांगून तोल बघणे
- डेकच्या आतली माती खरवडणे (स्पार्क प्लगची वायर काढूनच)
- ऑइल, एअर फिल्टर, पट्ट्याचा ताण, ग्रीस
- टायरची हवा मीटरने
- छाटणीनंतरच्या १ टक्का बोर्डोसाठी मोरचूद-चुना आणून ठेवणे (१०० लिटर पाण्याला प्रत्येकी १ किलो)
- हंगाम संपल्यावर टाकीतलं पेट्रोल काढून कार्बोरेटर कोरडा करणे; इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं आणि जेट बुजतो
- गल्लीत यंत्र घालण्याआधी, त्याच सकाळी, वीतभर खोल मातीचा गोळा