शंटर इंजिनं जमवताय? मग या चुका टाळा

मॉडेल रेल्वेची इंजिनं ज्या कपाटात ठेवता, त्या कपाटात डांबरगोळ्या टाकू नका. सुरुवात इथूनच करतो, कारण ही एकच चूक मी आजवर तीन घरांत पाहिली आणि तिन्ही वेळा झालेलं नुकसान भरून निघालं नाही.

पहिलं घर माझंच. इंजिन होतं आल्को कंपनीच्या एस-२ चं मॉडेल, एचओ मापाचं म्हणजे १:८७. अमेरिकेत १९४० ते १९५० या काळात बनलेला हा हजार अश्वशक्तीचा शंटर, म्हणजे यार्डात डबे पुढे-मागे करणारं इंजिन. आपल्या यार्डांत वर्षानुवर्षं राबलेल्या डब्ल्यूडीएस-६ च्या पोटातही आल्कोच्याच घराण्यातलं सहा सिलिंडरचं इंजिन असतं, म्हणून या घराण्यावर माझा जीव. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात पावसाळ्यात कसर लागते. आईनं सगळ्या कपाटांत गोळ्या टाकल्या, तशा या कपाटातही टाकल्या. दिवाळीच्या साफसफाईत डबा उघडला तेव्हा आधी वास आला, मग बोटाला चिकटपणा लागला. बॉनेटवरचा काळा रंग ओला असल्यासारखा झाला होता, कॅबवरचे बारीक रिव्हेट नखाखाली दबत होते आणि एका कोपऱ्यातली पायरी वाकून आत गेली होती. डांबरगोळीतलं नॅप्थलीन हवेत उडतं, त्याची वाफ पॉलिस्टायरीनमध्ये मुरते आणि प्लास्टिक मऊ पडतं. बंद कपाटात वाफ कोंडून राहते, त्यामुळे गोळी डब्याला टेकलेलीच असली पाहिजे असंही नाही. रंग उतरवून पुन्हा देता येतो. विरघळलेला रिव्हेट परत येत नाही. आईचा यात काही दोष नव्हता, तिला सांगणं माझं काम होतं.

आता मी वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून कपाटाच्या तळाशी ठेवतो आणि प्रत्येक डब्यात सिलिका जेलची एक पुडी टाकतो. पाल्यानं कसर किती थांबते याचं मोजमाप माझ्याकडे नाही, पण प्लास्टिकला तो काही करत नाही आणि मला तेवढं पुरे आहे.

याच जातीच्या आणखी काही चुका. जुन्या डब्यातला फोम पिवळा पडून चुरा होऊ लागला की त्याच दिवशी फेकून द्या, तो चिकट होऊन रंगाला धरतो. मऊ पीव्हीसीच्या पिशवीत इंजिन गुंडाळू नका. बबल रॅप थेट बॉडीवर लावू नका, उन्हाळ्यात त्याचे गोल ठसे रंगावर उठतात. आधी साधा टिश्यू, मग बाकी सगळं. आणि नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंशांच्या पुढे पारा असताना, इंजिनाचा डबा कारच्या डॅशबोर्डवर ठेवून सीताबर्डीत खरेदीला जाणाऱ्याला मी पुन्हा माझं इंजिन हातात देत नाही.

कूलरबद्दलही सांगतो, कारण बाहेरगावच्या लोकांना हा प्रश्न कळतच नाही. आपल्याकडे उन्हाळ्याचे तीन महिने घरात कूलर चालतो आणि रूळ मांडायला जागा मिळते ती नेमकी त्याच खोलीत. ओल्या हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब उडतात, त्यातले क्षार रुळावर आणि चाकांवर बसतात. लोखंडी रूळ गंजतात. निकेल सिल्व्हरचे गंजत नाहीत, पण त्यांच्यावरही पांढुरका थर धरतो आणि शंटर अडखळायला लागतो. रूळ कूलरच्या झोतातून बाजूला घ्या, नाहीतर त्यावर चादर टाका. थर बसलाच तर सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. चाकांसाठी टिश्यू त्यात भिजवून रुळावर आडवा टाका, एक बोगी (इंजिनाखालची चाकांची चौकट) टिश्यूवर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवून हलकेच वीज द्या. पॉलिशपेपर रुळाला लावू नका. त्या ओरखड्यांत पुढे दुप्पट मळ बसतो. ‘एकदा घासलं की झालं’ म्हणणाऱ्यांचे रूळ दर आठवड्याला घासावे लागतात.

आता वेगाकडे येतो. नवीन माणूस शंटर रुळावर ठेवतो आणि पहिल्याच मिनिटाला बटण शेवटापर्यंत फिरवतो. मला याचा खरोखर त्रास होतो. आपल्या रेल्वेत शंटिंगची नेहमीची कमाल मर्यादा ताशी १५ किलोमीटर आहे. एचओ मापात याचा हिशोब सोपा आहे, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एक मीटर रूळ कापायला शंटरला एकवीस सेकंद लागले पाहिजेत. मी रुळाच्या कडेला मीटरच्या दोन खुणा केल्यात आणि नवीन आलेलं प्रत्येक इंजिन मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजतो. बॉडी गेलेल्या त्या एस-२ ची मोटर आणि बोगी अजून ठणठणीत आहेत, शाळकरी मुलांना हाच हिशोब मी तिच्यावर शिकवतो. बारा सेकंदांत मीटर पार करणारं इंजिन डीसीसीवर असेल (ही डिजिटल पद्धत, तीत इंजिनातला डिकोडर रुळातून आलेले आदेश वाचतो) तर डिकोडरमधल्या सीव्ही ५ आणि सीव्ही ६ या सेटिंगचे आकडे खाली आणा, म्हणजे वरचा आणि मधला वेग कमी होईल. एकवीस सेकंद न अडखळता चाललं, तर समजा की चाकं, गिअर, ब्रश, रूळ सगळं नीट आहे. वेगात चालणाऱ्या इंजिनाचे दोष झाकले जातात, हळू चालणाऱ्याचे उघडे पडतात. म्हणून शंटर विकत घेताना दुकानदार तो गोल ट्रॅकवर गरागरा फिरवून दाखवत असेल तर त्याला थांबवा आणि रांगवायला सांगा.

रांगताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा आवाज आला तर अॅक्सलवरच्या गिअरला चीर गेली आहे. गिअर बदला. तो फेविक्विकनं चिकटवू नका, त्या प्लास्टिकला गोंद धरत नाही.

‘काका, सांध्यावर आलं की बंद पडून राहिलं.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याचं बोलणं संपायच्या आत माझा हात इंजिनाच्या चाकांकडे जातो. शंटर आखूड असतो. जर्मन कोफ २ सारख्याला तर दोनच अॅक्सल. सांध्याच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या, मधोमध जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तो फ्रॉग प्लास्टिकचा असेल तर तेवढ्या तुकड्यात वीज नसते. लांब इंजिनाची बाकीची चाकं वीज घेत राहतात, शंटरला ती सोय नाही. इथे लोक काय करतात? बोटानं ढकलतात. वर्म गिअरमुळे चाक बाहेरून फिरत नाही, ते रुळावर नुसतं घासत जातं आणि गिअरवर सगळा ताण येतो. शंटिंग करायचं ठरवलं असेल तर सांधे पहिल्यापासून धातूच्या फ्रॉगचे, वीज दिलेले घ्या. थोडे महाग पडतात, जोडणीही जास्त लागते. ती जोडणी टाळण्यासाठी लोक डिकोडरला क्षणभराची वीज साठवणारा कपॅसिटर लावून वेळ मारून नेतात. कपॅसिटर चांगली गोष्ट आहे, पण आधी वीज पोचवा, मग तो लावा.

खोबरेल तेल गिअरमध्ये घालू नका. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. प्लास्टिकला चालणारं हलकं तेल घ्या, सुईच्या टोकावर येईल तेवढंच. तेल मोटरच्या कम्युटेटरवर जाऊ देऊ नका.

अमेरिकेतल्या नातेवाइकानं आणलेला जुना पॉवरपॅक आधी उलटा करून वाचा. तो १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावू नका. आमच्यातल्या एकानं लावला, धूर झाला आणि रुळावर उभं असलेलं इंजिनही गेलं. डिकोडर नसलेलं साधं डीसी इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं ठेवू नका, मोटर गुणगुणत तापत राहते.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे आमच्या मंडळींनी इंजिनं एकत्र चालवायचे नियम लिहून काढले.

धरमपेठेत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही रविवारी जमतो. तान्ह्या पोळ्याला मुलं आपापला लाकडी बैल घेऊन निघतात, तसा प्रत्येक जण आपलं इंजिन घेऊन येतो. त्या दिवशी रुळावर आठ शंटर होते. नववा घेऊन एक नवा मुलगा आला. नवीन डिकोडरचा पत्ता, म्हणजे इंजिनाला हाक मारायचा क्रमांक, कारखान्यातून ३ येतो, हे त्यानं वाचलं होतं. पत्ता बदलायचा, हेही वाचलं होतं. त्यानं आल्या आल्या इंजिन रुळावर ठेवलं, कंट्रोलर हातात घेतला आणि कोणाला न विचारता १२०३ हा नवा पत्ता लिहिला. पण तिथला संच सुरुवातीचा, साधा होता. त्यात प्रोग्रॅमिंगसाठी वेगळा रूळ जोडायची सोय नव्हती. अशा संचात लिहिलेला आदेश रुळावरच्या प्रत्येक डिकोडरला जातो, आणि त्या आदेशाला पत्ता नसतो. नऊच्या नऊ इंजिनं १२०३ झाली.

त्यानं बटण फिरवलं. नऊ इंजिनं एकदम निघाली. दोन सांध्यावर समोरासमोर भिडली. बंद टोकाकडे तोंड करून उभं असलेलं एक एनडब्ल्यू२ (हाही अमेरिकन शंटरच) रुळाच्या टोकाचा अडसर ओलांडून थेट टेबलावरून फरशीवर पडलं. कपलरची, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याची, पेटी तुटली आणि एका बाजूचं हँडरेल उपटलं. त्याचा मालक काही बोलला नाही, खाली बसून तुकडे वेचत राहिला. ते मला आजही आठवतं.

खरं नुकसान त्यानंतर झालं. घाईघाईत दोघा-तिघांनी आपापली इंजिनं एकेक करून रुळावर घेतली आणि सीव्ही ८ मध्ये ८ टाकून रीसेट केली. बऱ्याच डिकोडरमध्ये हा उपाय चालतो, म्हणूनच लोकांना तो आवडतो. पण तो पत्त्याबरोबर सगळंच पुसतो. सुरुवातीचा व्होल्टेज, वेग धरण्याची आणि सोडण्याची गती, महिनोन्‌महिने बसून जुळवलेले आकडे, सगळं गेलं. बिघडला होता फक्त पत्ता. तेवढाच पुन्हा लिहिला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. ज्यांच्याकडे नोंदी होत्या त्यांनी तसंच केलं आणि त्यांची इंजिनं चहा येण्याआधी पूर्ववत चालू लागली.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक डब्यात एक कार्ड असतं. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून ती कार्डं बनवतो, कागद जाड असतो. त्यावर पत्ता, सीव्ही २, ३, ४, ५, ६ आणि २९, शेवटचं तेल कधी घातलं आणि मीटरला किती सेकंद लागले, एवढं पेन्सिलीनं लिहितो. पत्ता म्हणून कॅबवरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घेतो, म्हणजे दोन इंजिनांचा पत्ता क्वचितच एक येतो. प्रोग्रॅमिंग करायचं असेल तर बाकीची सगळी इंजिनं रुळावरून उचलायची. नुसता रुळाचा भाग बंद करून भागत नाही, उचलायचीच. टेबलाच्या कडांना आम्ही दोन इंच उंच अॅक्रिलिकच्या पट्ट्या लावल्या आहेत. त्या पहिल्या दिवशीच लावायला हव्या होत्या.

तो मुलगा अजून येतो. आता प्रोग्रॅमिंगचं काम आम्ही त्यालाच देतो.

मापाची चूक मोतीबागेतून सुरू होते. तिथलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ साली उघडलं आणि ते पाहून आलेल्याला नॅरोगेजचं इंजिन हवंच असतं. ७६२ मिलिमीटरला ८७ नं भागलं की पावणेनऊ येतात, म्हणून एचओ मापातल्या नॅरोगेजला ९ मिलिमीटरचे रूळ चालतात. तेवढं ऐकून लोक एन मापाचं इंजिन आणतात, कारण त्याचेही रूळ ९ मिलिमीटरचेच असतात. पण ते १:१६० चं असतं आणि एचओच्या माणसाशेजारी खेळण्यातलं वाटतं. ब्रिटिश क्लास ०८ या शंटरची बहुतेक मॉडेलं १:७६ ची असतात, १६.५ मिलिमीटरच्याच रुळांवर चालतात, पण एचओ डब्यांशेजारी १४ टक्के मोठी दिसतात. रुळाची रुंदी पाहून घेऊ नका, माप वाचा.

नावांची चूक: एस-२ आणि एस-४ दोन्ही हजार अश्वशक्तीचे, फरक बोगीत पाहा. विकणाऱ्यानं डब्यावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

शेवटी दुसऱ्याचं इंजिन हाताळण्याबद्दल. २०२० मध्ये खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. आता बाहेरून आणलेलं प्रत्येक इंजिन त्याच्या मालकाला फार महाग पडतं. उचलताना हँडरेलला धरू नका, खालच्या फ्रेमला दोन्ही बाजूंनी धरा. त्याचा कपलर तुमच्या डब्याला बसत नसेल तर तुमचा डबा बदला, त्याच्या कपलरला पक्कड लावू नका. आमच्याकडे आता सगळेच केडी नंबर ५ कपलर वापरतात आणि उंचीचं एकच गेज सगळ्यांत फिरतं. कपलरखालची तार सांध्यात अडकत असेल तर मालकाला दाखवा, वाकवायची ती त्यानं. परत देताना चाकं पुसा, कार्डावर तारीख टाका आणि काही बिघडलं असेल तर तेही कार्डावरच लिहा, तोंडी सांगून विसरलं जातं.