लांबलचक रासायनिक नाव शेपटाकडून फोडा

डायक्लोरोडायफिनाईलट्रायक्लोरोइथेन. म्हणजे डीडीटी, ते कीटकनाशक. फळ्यावर हे नाव लिहिलं की मुलं पुढून वाचायला धावतात आणि दुसऱ्या ‘क्लोरो’पाशी सगळ्यांची जीभ अडखळते. म्हणून माझ्या वर्गात पुढून वाचायला बंदी आहे. आधी शेपूट पकडायचं.

शेवटी काय दिसतं? इथेन. दोन कार्बनची साखळी. हा पाया, बाकी सगळं त्याला जोडलेलं. तिथून डावीकडे सरका: ट्रायक्लोरो म्हणजे तीन क्लोरीन, डायफिनाईल म्हणजे सहा-सहा कार्बनची दोन वलयं, आणि अगदी पुढे डायक्लोरो, आणखी दोन क्लोरीन. पेन्सिलीने उभ्या रेघा मारत जा. रेघ ‘डाय’, ‘ट्राय’च्या डावीकडे पडली पाहिजे, कारण संख्या सांगणारा तुकडा त्याच्या उजवीकडच्याला धरून असतो.

आता पडताळा. डीडीटीच्या रेणूत कार्बन १४, हायड्रोजन ९, क्लोरीन ५. आपल्या तुकड्यांतून क्लोरीन येतात तीन अधिक दोन, पाच. कार्बन बारा अधिक दोन, चौदा. जमलं! हायड्रोजनही जमतात: प्रत्येक वलयावर चार उरतात, इथेनच्या साखळीवर एक. बेरीज चुकली तर रेघ चुकीच्या जागी पडली असं समजा.

उच्चार त्यानंतर. इंग्रजीत यात अकरा अक्षरं ऐकू येतात: डाय-क्लो-रो-डाय-फि-नाईल-ट्राय-क्लो-रो-इ-थेन. ‘डाय’, ‘ट्राय’ हलके सोडा. जोर ‘क्लो’वर, ‘फि’वर, आणि सगळ्यात जास्त ‘इ’वर. स्पेलिंगमध्ये ‘सीएच’ असलं तरी इथे ‘च’ नाही, ‘क’. फिनाईलला कुणी ‘फेनिल’ म्हणालं तर वाद घालू नका, अमेरिकन लोक तसंच म्हणतात.

एक गोष्ट मात्र हे जुनं नाव सांगत नाही: कोणता क्लोरीन कुठे बसलाय. त्यासाठी पद्धतशीर नाव आहे: १,१,१-ट्रायक्लोरो-२,२-बिस(४-क्लोरोफिनाईल)इथेन. आकडे म्हणजे कार्बनचे क्रमांक. तीन क्लोरीन साखळीच्या पहिल्या कार्बनवर, दोन्ही वलयं दुसऱ्यावर, आणि प्रत्येक वलयाच्या चौथ्या जागी एकेक क्लोरीन. ‘बिस’ म्हणजेही दोनच. कंसातला तुकडा स्वतःच जोडशब्द असला की ‘डाय’ऐवजी तो वापरतात. बोलताना आकडे सुटे म्हणा, प्रत्येकानंतर किंचित थांबा.

सरावाला ट्रायनायट्रोटोल्युईन घ्या, म्हणजे टीएनटी हे स्फोटक. ट्राय, नायट्रो, टोल्युईन. रेघा सहज पडतात. पण टोल्युईन आणखी फोडत बसू नका. हे नाव टोलू बाल्सम या सुगंधी राळेवरून आलंय, आणि टोलू हे कोलंबियातलं गाव. त्यातून कार्बन मोजता येणार नाहीत. असे पाये थोडेच आहेत, ते सरळ पाठ करायचे: बेंझिन, टोल्युईन, फिनॉल, ॲनिलिन.