यामाहा एसवाय९९ वर एफएम आणि सॅम्पल यांतून एक आवाज कसा घडवावा

यामाहाचे एसवाय९९ हे वर्कस्टेशन, म्हणजे आवाज घडवण्याची आणि संगीत ध्वनिमुद्रित करण्याची सोय एकत्र असलेले कीबोर्ड वाद्य, १९९१ साली आले. आज ते वापरलेल्या अवस्थेत विकत घेणारे अनेक जण त्यातील तयार आवाज ऐकूनच थांबतात, त्यामुळे या वाद्याचे खरे सामर्थ्य त्यांच्या हाती लागत नाही. एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवण्याच्या एफएम तत्त्वावर, ऑपरेटर नावाच्या लहर-जनकांच्या साहाय्याने ध्वनी निर्माण करणारी एएफएम ही त्यातील एक पद्धत, आणि रेकॉर्ड केलेल्या ध्वनींवर, म्हणजे सॅम्पलवर, चालणारी एडब्ल्यूएम२ ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी वाजवता येतात, परंतु तेवढे करणारी इतर वाद्येही होती. एसवाय९९ आणि त्याआधीचे एसवाय७७ यांचे वैशिष्ट्य असे की सॅम्पलचा ध्वनी थेट एफएमच्या ऑपरेटरमध्ये मॉड्युलेटर म्हणून, म्हणजे त्याला हलवणारी लहर म्हणून, सोडता येतो. यामाहाने या संयुक्त पद्धतीला आरसीएम असे नाव दिले होते. या पद्धतीने एक आवाज मुळापासून कसा घडवायचा, ते येथे क्रमाने सांगितले आहे. सुरुवात नेहमी एफएमपासून करावी आणि सॅम्पल शेवटी, अगदी थोड्या प्रमाणात मिसळावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. वाद्य परदेशातून आलेले असेल तर मागील पट्टीवर लिहिलेला विद्युतदाब वाचावा, कारण जपान, अमेरिका आणि युरोप येथील आवृत्त्यांचा विद्युतदाब वेगवेगळा असे, आणि चुकीच्या दाबावर जोडलेले वाद्य कायमचे निकामी होऊ शकते. दुसरी गोष्ट आतील बॅटरीची. अंतर्गत स्मृतीतील ६४ आवाज या बॅटरीच्या आधारावर टिकून असतात आणि बॅटरी बदलताना ते पुसले जाण्याची शक्यता असते. म्हणून आधीच्या मालकाने घडवलेले काही जपण्यासारखे असेल तर ते सर्वप्रथम फ्लॉपीवर किंवा मिडीच्या (वाद्ये आणि संगणक जोडणाऱ्या पद्धतीच्या) बल्क डम्पद्वारे, म्हणजे स्मृतीतील सर्व मजकूर एकदम पाठवून, संगणकावर उतरवून घ्यावे. फ्लॉपी ७२० केबीची, म्हणजे दुहेरी घनतेची लागते. उच्च घनतेच्या फ्लॉपीचे भोक बंद करून ती वापरण्याची युक्ती प्रचलित आहे, पण अशा फ्लॉपीवरील मजकुराचा भरवसा धरता येत नाही.

आता एखादा निरुपयोगी अंतर्गत आवाज निवडून संपादनात जावे, तो इनिशियलाइज करावा, म्हणजे कोरा करून घ्यावा, आणि सर्व इफेक्ट बंद करावेत. शेवटचे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. रिव्हर्ब आणि कोरस चालू असताना मूळ ध्वनीतील कर्कशपणा झाकला जातो आणि तो नेमका रेकॉर्डिंगच्या वेळी उघडा पडतो.

यानंतर व्हॉइस मोड ठरवावा लागतो. एसवाय९९ मध्ये असे ११ मोड आहेत आणि प्रत्येक आवाज त्यांपैकी एका मोडमध्ये चार एलिमेंटपर्यंत, म्हणजे एएफएम किंवा एडब्ल्यूएम२ च्या (पुढे नुसते एडब्ल्यूएम) स्वतंत्र थरांपर्यंत, बांधलेला असतो. आपल्या कामासाठी एक एएफएम आणि एक एडब्ल्यूएम असलेला बहुस्वरी मोड योग्य ठरतो. वाद्यात एएफएमचे १६ आणि एडब्ल्यूएमचे १६ स्वर उपलब्ध असल्याने या मोडमध्ये पूर्ण १६ पट्ट्या एकाच वेळी वाजू शकतात. दोन अधिक दोन एलिमेंटचा मोड घेतल्यास ही संख्या निम्मी होते. तेव्हा पहिल्याच प्रयोगात तो घेण्याचे कारण नाही.

एडब्ल्यूएमचा एलिमेंट बंद ठेवून आता केवळ एएफएमवर काम करावे. येथे ६ ऑपरेटर आणि ४५ अल्गोरिदम, म्हणजे ऑपरेटर एकमेकांना जोडण्याच्या मांडण्या, आहेत. ज्यात ऑपरेटरांच्या तीन स्वतंत्र जोड्या शेजारी शेजारी दिसतात, अशी मांडणी पडद्यावर शोधावी आणि पहिली जोडी सोडून इतर चारही ऑपरेटर बंद करावेत. उरलेल्या दोघांपैकी जो ऐकू येतो तो कॅरिअर आणि जो त्याला हलवतो तो मॉड्युलेटर. दोघांच्या वारंवारतांचे गुणोत्तर १:१ ठेवून मॉड्युलेटरची पातळी शून्यापासून हळूहळू वाढवत एकच मधली पट्टी धरून ठेवावी. सुरुवातीला बासरीसारखा साधा असलेला स्वर प्रथम भरदार होतो, मग पितळी वाद्याकडे झुकतो आणि पुढे करकरीत होऊ लागतो. त्या टप्प्यावर थांबून पातळी थोडी मागे घ्यावी.

हे का घडते ते समजले तर पुढचे सर्व निर्णय सोपे होतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली या तत्त्वाचा संगीतासाठी उपयोग शोधला आणि १९७३ साली त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. तत्त्व असे की कॅरिअरच्या वारंवारतेत मॉड्युलेटरची वारंवारता एकदा, दोनदा, तीनदा मिळवली आणि वजा केली असता ज्या संख्या येतात, तेथे नवे अधिस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे उपस्वर, उभे राहतात. मॉड्युलेटरची पातळी जितकी जास्त, तितके दूरचे अधिस्वर बळावतात. कॅरिअर २०० हर्ट्झ आणि मॉड्युलेटरही २०० हर्ट्झ असेल तर ४००, ६००, ८०० अशी सुरेल साखळी मिळते. मॉड्युलेटर २८० हर्ट्झ केला तर मिळवणीतून ४८० आणि ७६० येतात, वजाबाकीतून उणे ८० आणि उणे ३६० येतात, आणि हे उणे आकडे कला (फेज) उलटून ८० व ३६० म्हणून ऐकू येतात. या संख्यांचे एकमेकांशी साधे नाते नसल्याने कानाला घंटेचा किंवा धातूच्या पट्टीचा भास होतो.

आपल्या आवाजासाठी पहिली जोडी १:१ वरच ठेवावी आणि दुसऱ्या जोडीत मॉड्युलेटर कॅरिअरच्या दुप्पट वारंवारतेवर ठेवावा, म्हणजे केवळ विषम अधिस्वर असलेला, काहीसा पोकळ स्वर मिळतो. दुसऱ्या जोडीची पातळी पहिलीपेक्षा कमी असावी. तिसरी जोडी तूर्त बंदच राहू द्यावी, कारण सॅम्पल तिच्यातच सोडायचे आहे. सर्वाधिक वेळ मात्र मॉड्युलेटरच्या एन्व्हलपला, म्हणजे पट्टी दाबल्यापासून पातळी कशी चढते-उतरते त्या आलेखाला, द्यावा. एफएममध्ये कॅरिअरचा एन्व्हलप आवाजाचा लहानमोठेपणा ठरवतो, तर मॉड्युलेटरचा एन्व्हलप आवाजाचा पोत ठरवतो. मॉड्युलेटर चटकन चढून सावकाश उतरला की स्वर उजळ सुरू होऊन मऊ होत जातो. त्याच्या पातळीला पट्टीवरील आघाताची संवेदनशीलता जोडली की हलक्या बोटाने गोल आणि जोरदार बोटाने झणझणीत, असा फरक एकाच आवाजात येतो. केवळ सॅम्पल वाजवणाऱ्या वाद्यात हा बदल इतक्या अखंडपणे साधत नाही, म्हणूनच आधी एफएमवर मेहनत घ्यावी.

सॅम्पलची निवड करताना मोह आवरावा लागतो. एसवाय९९ च्या रॉममध्ये ८ एमबी इतक्या लहरी आहेत. त्यांत पियानो, तंतुवाद्ये, गायनाचे ध्वनी आहेत आणि ते कानाला लगेच भावतात. परंतु मॉड्युलेटर म्हणून समृद्ध ध्वनी घेणे बहुधा चुकीचे ठरते. सॅम्पलमधील प्रत्येक अधिस्वर कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना स्वतःची साखळी उभी करतो. सॅम्पलमध्ये वीस ठळक अधिस्वर असतील तर वीस साखळ्या एकमेकींत गुंतून खरखर उरते. शिवाय फार वर गेलेले अधिस्वर डिजिटल पद्धतीच्या मर्यादेवर आदळून खाली परततात आणि वरच्या सप्तकात बेसूर कुरकुर ऐकू येते. म्हणून फुंकीचा, तारेवर घासण्याचा किंवा लाकडावरील टकटकीचा असा छोटा, मंद ध्वनी घ्यावा.

अल्गोरिदमच्या पानावर तिसऱ्या जोडीतील कॅरिअरच्या मोकळ्या इनपुटला स्रोत म्हणून एडब्ल्यूएम द्यावा, त्याच जोडीतील मॉड्युलेटर ऑपरेटर बंदच ठेवावा आणि इनपुटची पातळी सर्वांत खालच्या पायरीवर आणावी. आता तिसरा कॅरिअर चालू करून एकेक पायरी वर जात ऐकावे. योग्य जागा ओळखण्याची खूण अशी: सॅम्पल वेगळे म्हणून ओळखू येत नाही, पण स्रोत काढून टाकला की स्वर एकाएकी गुळगुळीत आणि निर्जीव वाटू लागतो. यापुढे एक पायरी गेले की बहुतेक वेळा बिघडते.

सॅम्पलची वारंवारता पट्टीनुसार बदलू द्यायची की स्थिर ठेवायची, हाही येथे महत्त्वाचा निर्णय आहे. ती पट्टीनुसार बदलली तर कॅरिअरशी तिचे गुणोत्तर सर्वत्र तेच राहते आणि आवाजाचा पोत सगळ्या ७६ पट्ट्यांवर साधारण सारखा लागतो. ती स्थिर ठेवली तर प्रत्येक पट्टीवर गुणोत्तर बदलते, त्यामुळे खालचे स्वर खडबडीत आणि वरचे वेगळ्याच वळणाचे येतात. सुरावटीसाठी पहिला पर्याय, तालाच्या अंगाच्या आवाजांसाठी दुसरा, असे मी सुचवेन.

प्रत्येक एलिमेंटला दोन डिजिटल फिल्टर आहेत. यामाहाच्याच १९८३ च्या डीएक्स७ या एफएम वाद्यामध्ये एफएमला फिल्टरच नव्हता, हे लक्षात घेतले की या सोयीचे मोल कळते. एएफएमच्या एलिमेंटवर एक हाय-पास (खालच्या वारंवारता अडवणारा) आणि एक लो-पास (वरच्या अडवणारा) लावून मधला पट्टा मोकळा ठेवला तर वरची खरखर आणि खालचा गढूळपणा दोन्ही आटोक्यात येतात. रेझोनन्स, म्हणजे फिल्टरच्या सीमेवरील उठाव, मोजकाच ठेवावा. हे झाल्यावर इफेक्ट परत चालू करावेत.

स्वतःचे सॅम्पल वापरायचे असल्यास एक गोष्ट आधीच जाणून असावे: एसवाय९९ स्वतः ध्वनी रेकॉर्ड करत नाही, तो बाहेरून भरावा लागतो. मूळ सॅम्पल स्मृती ५१२ केबी असून ती ३ एमबीपर्यंत वाढवता येते. ४४.१ किलोहर्ट्झचा १६ बिटी मोनो ध्वनी सेकंदाला ८८,२०० बाइट घेतो, म्हणजे मूळ स्मृतीत सहा सेकंदांहून किंचित कमी ध्वनी मावतो. मिडीच्या सॅम्पल डम्प पद्धतीने तो पाठवताना संयम लागतो. १६ बिटांचा एक नमुना सात-सात बिटांच्या तीन बाइटमध्ये जातो, एका पाकिटात ४० नमुने बसतात आणि मिडीचा वेग सेकंदाला ३,१२५ बाइट एवढाच असतो. परिणामी एका सेकंदाचा ध्वनी जायला किमान पाऊण मिनिट लागते. मॉड्युलेटरसाठी लागणारा ध्वनी मंद असल्याने तो आधी संगणकावर २२.०५ किलोहर्ट्झला उतरवावा. वेळ आणि जागा दोन्ही निम्म्यावर येतात आणि गुणवत्तेत जाणवण्यासारखे काही गमवावे लागत नाही. ध्वनी लांबवायचा असेल तर लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याची, दोन्ही टोके लहर शून्यरेषा ओलांडते तेथेच ठेवावीत, अन्यथा प्रत्येक आवर्तनाला टिचकी ऐकू येते, आणि मॉड्युलेटरमधली टिचकी एफएममधून जाताना अधिकच ठळक होते.

आवाज मनासारखा झाला की लगेच साठवावा, कारण संपादन तात्पुरत्या स्मृतीत चालू असते आणि दुसरा आवाज निवडताच केलेले बदल हातचे जातात. साठवण्यास नकार मिळाला तर युटिलिटीमध्ये जाऊन स्मृतीचे संरक्षण बंद करावे. फ्लॉपीवर उतरवताना आवाजाची फाइल आणि सॅम्पलची फाइल दोन्ही एकाच फ्लॉपीवर, एकाच नावाने ठेवाव्यात. आवाजाच्या फाइलीत सॅम्पलचा केवळ निर्देश असतो, आणि सॅम्पल भरलेले नसताना तोच आवाज उघडला तर तिसरी जोडी साधा, सपाट स्वर देते.