नोहाचं तारू सापडलं म्हणे? आधी एवढं तपासा

आमच्या जालन्याच्या चर्चच्या मंडळीतली पोरं अधूनमधून मोबाईल पुढं करतात, "सर, नोहाचं तारू सापडलं!" म्हणजे बायबलमधल्या महापुरात नोहा ज्यात वाचला ती नाव. फोटो बहुतेक वेळा तुर्कस्तानातल्या दुरुपिनारचाच निघतो. 1959 साली विमानातून घेतलेल्या फोटोत नावेसारखी जमीन दिसली, तीच ही. भूगर्भतज्ज्ञ तिला नैसर्गिक रचना म्हणतात.

अशा वेळी पहिला प्रश्न जागेचा. वस्तू कुणी काढली, कुठून? बायबलमधल्या दाविद राजाच्या घराण्याचा उल्लेख असलेला, इस्राएलातल्या तेल दानचा शिलालेख 1993 मध्ये रीतसर उत्खननात निघाला, येशूला क्रुसावर देणारा रोमी सुभेदार पिलात, त्याच्या नावाचा दगड 1961 मध्ये तिथल्याच कैसरियात. याउलट येशूचा भाऊ याकोब याची म्हणून 2002 मध्ये गाजलेली अस्थिपेटी एका संग्राहकाकडून आली. बनावटीचा खटला चालला, 2012 मध्ये आरोपी सुटला. पण पेटी खरी ठरली असं काही न्यायाधीशांनी म्हटलं नाही. जागाच ठाऊक नसेल तर मी पुढं वाचत नाही.

दुसरा प्रश्न थराचा, आणि तो मोबाईलवर कळत नाही. त्यासाठी जुन्या गावाच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर जा. तेरला गेलात तर उत्तमच. पावसानं कडा ढासळलेली असते तिथं उभं राहून बघा: राख, खापरं, विटांचे तुकडे, पुन्हा माती. खालचं जुनं, वरचं नवं. मधे कुणी खड्डा केला असेल तर सगळा घोळ. बायबलमध्ये यहोशवापुढं ज्याची तटबंदी कोसळली ते यरीहो शहरही अशीच पांढरी आहे. 1930च्या दशकात तिथं खोदणाऱ्या गार्स्टँग यांना पडलेली तटबंदी यहोशवाच्या काळातली वाटली. 1950च्या दशकात कॅथलीन केनियन यांनी थर आणि खापरं लावून बघितली, तर ती सुमारे हजार वर्षं आधीची निघाली. दोघंही जाणकार, तरी एवढा फरक!

वहीत दोन रकाने पाडा: वस्तू काय सांगते, आपण काय जोडतो. बायबलच्या 2 राजे 20:20 मध्ये यहूदाचा राजा हिज्कीया यानं पाणी शहरात आणल्याचं आहे. यरुशलेमेत 533 मीटरचा बोगदा आहे, 1880 मध्ये त्यातला लेखही सापडला. त्यात दोन्हीकडून खोदणारे मजूर कसे भेटले ते आहे, राजाचं नाव नाही. हिज्कीया दुसऱ्या रकान्यात.

आणि कुदळ घरीच ठेवा. परवान्याशिवाय उत्खनन चालत नाही, तिकडं नाही अन् इकडंही नाही. 1878च्या कायद्यानं जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला, तरी कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. खापर उचलू नका, जागेवरच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.